शेवटचा भुकेला

फिरंगी जायला तयार नव्हते, आणि सुलतान मुजफ्फरशहांना त्यांना 'जा' म्हणता येत नव्हतं!

झालं होतं असं. वादळात मोतीबंदरची धान्याची कोठारं भिजली, भाकरीवरून बाजारात डोकी फुटली, आणि बंदरात जहाज घेऊन उभ्या असलेल्या कप्तान बार्तोलचं काळीज तिथल्या तिथे विरघळलं. "माणुसकीपोटी आम्ही लापशी वाटतो," तो म्हणाला. "वाटताना गडबड नको, म्हणून थोडे शिपाई उतरवतो." थोडे म्हणजे तीनशे! सुलतानांना भरल्या दरबारात मोठं बोलायची हौस. त्यांनी अमान दिला, म्हणजे अभयवचन: "जोवर आमच्या शहरात एकही माणूस भुकेला आहे, तोवर इथे राहा. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

शब्द फार सुंदर होते. लापशी फार पातळ होती. पुढे कोठारं भरली, बाजार उघडला, दंगा निवला, तरी फिरंगी हलेनात. भुकेल्यांच्या गल्लीत त्यांचा शिपाई एकदाही दिसला नाही. मिऱ्यांच्या वखारीसमोरची सराई मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली होती. सराईची मालकीण खैरूनबी भटियारीण बाहेर चिंचेखाली चूल मांडून बसली. रोज संध्याकाळी कप्तान एखादं न जेवलेलं पोर धरून काझींपुढे उभं करी. "भूक लागली का?" पोर मान हलवी. अमान चालू!

"लढून हाकलू," सेनापती म्हणाला.

"अमान मोडता येत नाही," काझी बद्रुद्दीन म्हणाले. "शरियतीत तो साध्या गुलामाने दिला तरी पाळावा लागतो. इथे तर खुद्द हुजुरांनी दिलाय, दुर्दैवाने."

त्यात रमजान लागला. कप्तानाने डोळे पुसले. "अख्खं शहर पहाटेपासून उपाशी! काय हा कायदा! या लोकांना आता यांच्याच कायद्यापासून वाचवायला हवं. आणखी दोन जहाजं मागवतो. आणि वखारीच्या किल्ल्या द्या, गर्दी आवरायला लागतील."

बाजारात खैरूनबी एवढंच म्हणाली, "पाहुणा कधी जाणार ते विचारल्याशिवाय चटई टाकू नये. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!" तिचं बोलणं ती चुलीपाशी परतायच्या आत महालात पोचलं.

"फार शहाणी ना तू?" तिला बोलावून घेऊन सुलतान गरजले. "मग माझा शब्द मोडायचा नाही, तलवार उपसायची नाही, आणि उद्या या शहरात एकही भुकेला राहता कामा नये. राहिला, तर तू मोतीबंदर सोडून चालती हो!"

खैरूनबीची सराई गेलीच होती, आता गावही जाणार. तिला राग आला. जीभ घसरली यांची, आणि देशोधडीला मी! पण तोंडाने म्हणाली, "जी हुजूर. फक्त मोजणी कधी करायची ते मी सांगणार. सूर्य बुडाल्यावर, मगरिबच्या बांगेनंतर."

दुसऱ्याचा रोजा सोडवला की त्या रोज्याइतकंच पुण्य आपल्याला मिळतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खैरूनबीने फक्त प्रत्येक गल्लीत जाऊन कानात सांगितलं, "शेजारच्या गल्लीने उद्या सगळे पाहुणे आपल्याकडे जेवायला पळवायचं ठरवलंय!" झालं! कोळीवाड्यात आणि वाणीआळीत रोजा नव्हता, पण ईर्षा होती. तिथेही पंगती मांडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी बांग झाली. लोकांनी खजूर तोंडात टाकले, ताटं वाढली गेली, पोटं भरली. मग सुलतान, काझी आणि दुभाष्याला घेऊन कप्तान असे भुकेला शोधायला निघाले. सगळं गाव ढेकर देत होतं. दर्ग्यापाशी फकीर हात जोडून म्हणाला, "तीन घरी जेवलोय. मारा, पण वाढू नका!"

सराईच्या दाराशी मात्र कप्तानाचा चेहरा उजळला. "हे बघा! माझे शिपाई! सकाळपासून पहाऱ्यावर, पोटात अन्नाचा कण नाही. शहरात आहेत आणि भुकेले आहेत. अमान चालू!"

काझींनी दाढी कुरवाळली. "शब्द तसेच आहेत खरे."

सुलतानांनी खैरूनबीकडे पाहिलं. तिने ओढणी सारखी केली.

"अरेरे! कप्तानसाहेब, कुणाची हो ही माणसं?"

"माझी."

"यांना खायला घालायचं कुणी?"

"मीच."

"आणि रसद?"

"जहाजावर."

"म्हणजे रसद असून माणसं उपाशी! हुजूर, माझं काळीज विरघळलं. माणुसकीपोटी आपले शिपाई आत्ताच त्या जहाजावर चढवा. लापशी मी शिजवते. वाटताना गडबड नको, म्हणून तोफा आपल्या ताब्यात असू द्यात, कोठीच्या किल्ल्याही. फार दिवस नाही, शेवटचा भुकेला जेवेपर्यंत!"

दुभाष्याने एकही शब्द न गाळता सांगितलं. उभ्या नोकरीत त्याने इतकं मन लावून भाषांतर केलं नव्हतं.

"नको, नको!" कप्तान ओरडला. "कोण म्हणतं भुकेले? तुडुंब जेवलेत सगळे! ए, ढेकर दे!" शिपायाने बिचाऱ्याने रिकाम्या पोटाने दिली.

"म्हणजे शहरात कुणीच भुकेला नाही?" काझींनी विचारलं.

"कुणीच नाही!"

"मग अमान संपला. शरियतीप्रमाणे तुम्हांला सुखरूप जहाजावर पोचवू."

"पण उद्या पुन्हा भूक लागेल!"

"भूक लागेल. अमान नाही लागणार."

सुलतान इतके हसले की त्यांना सराईच्या खांबाचा आधार घ्यावा लागला. "खैरूनबी, आता या पोरांना जेवू घाल. उपाशी माणूस आपल्या दारातून जाऊ नये."

"घालते हुजूर. पण होडीत! इथे मांडी घालून बसले, तर उठवायला पुन्हा मलाच बोलवाल!"

सुलतान पुन्हा हसले. त्यांनी खांद्यावरची शाल काढून तिच्या हाती दिली आणि तिथेच तिला पाहुण्यांची व्यवस्था पाहणारी दरबारची मेहमानदार नेमलं.