तुळाजीचा डावा हात

फार जुनी गोष्ट आहे. नद्यांवर अजून पूल झाले नव्हते, आणि पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून नावाड्याला हाक मारावी लागायची, त्या काळातली. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन.

एका राज्याच्या सीमेवर एक रुंद नदी होती. तिच्या काठावरच्या गावात तुळाजी नावाचा नावाडी आणि त्याची थोरली बहीण राहत असत. तिला तो आक्का म्हणायचा, म्हणून सगळा गावच आक्का म्हणायचा. आईबाप साथीत गेले तेव्हा तुळाजी रांगत होता. आक्काने त्याला वाढवलं. मागणं घालायला आलेल्या माणसांना तिने परत पाठवलं आणि भावाच्या अंगाखांद्यात बळ येईपर्यंत स्वतः वल्हं मारलं. पुढे तुळाजी मोठा झाला, नाव त्याच्या हाती आली. तो बोलका होता. पैलतीरावरून निघालेल्या माणसाची सगळी हकिकत अलीकडे पोचेपर्यंत त्याला कळलेली असायची, आणि संध्याकाळी जेवताना ती आक्कालाही कळायची.

एका सकाळी दोर सोडता सोडता तो नावेतच कोसळला. लोकांनी उचलून घरी आणला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता. तोंड वाकडं झालं होतं आणि जीभ जड.

वैद्यबुवा आले. त्यांनी काढे दिले, लेप दिले, आणि जिवावरचं टळलं. मग एक दिवस त्यांनी आक्काला ओसरीवर बोलावून समोर बसवलं.

“माझ्या औषधांचं काम इथं संपलं,” ते म्हणाले. “आता पुढचं तुझ्याकडे. त्याला एका कुशीवर फार वेळ ठेवू नकोस, पाठीला जखमा होतील. लुळ्या हातापायाला तेल लाव आणि ते हलवत राहा. रोज उजेडात आणून बसव, माणसांत बसव. बोलायला वेळ लागला तर थांब, त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. आणि एक गोष्ट ध्यानात ठेव. त्याचा डावा हात धड आहे. जेवण त्या हाताने त्याचं त्याला जेवू दे. सांडेल, सांडू दे.”

आक्काने सगळं ऐकलं आणि मनापासून मान डोलावली.

आणि खरं सांगायचं तर तिने पुष्कळ केलं. वेळच्या वेळी कूस बदलली. तेल कोमट करून चोळलं. अंथरूण असं स्वच्छ ठेवलं की घरात आजारी माणूस आहे हे वासावरून कुणाला कळू नये. तुळाजीच्या पाठीवर कधी साधा ओरखडाही उठला नाही.

फक्त जेवणाचं तिला जमेना. तुळाजी डाव्या हाताने घास उचलायचा, तो अर्ध्या वाटेत सुटायचा. दुसरा हनुवटीवर, तिसरा छातीवर. भात गार व्हायचा. तो पुन्हा खाली वाकायचा. आक्काला ते बघवत नसे. ज्याला लहानपणी मांडीवर घेऊन भरवलं, तो असा ताटाशी झगडतोय आणि आपण नुसत्या समोर बसून आहोत, असं तिला वाटायचं. त्यातच एकदा शेजारीण विस्तव मागायला आली आणि हे बघून जाताना म्हणाली की, आजारी भावाला असं सांडत खायला लावणं काही बरं दिसत नाही.

त्या दिवसापासून आक्का त्याला भरवू लागली. मग पाणीही तीच पाजू लागली. मग तोंड तीच धुई, केस तीच विंचरी, सदरा तीच चढवी. तो काही बोलू लागला की पहिल्या अक्षरावरून ती ओळखायची आणि उरलेलं स्वतःच बोलून टाकायची. सगळं लवकर उरकायचं. गावात तिचं नाव झालं. सासवा आपल्या सुनांना आक्काची सेवा बघून यायला पाठवत.

तुळाजी हळूहळू कमी बोलू लागला. आक्काला वाटलं, थकत असेल.

पुढच्या उन्हाळ्यात आक्कालाच कांजिण्या आल्या. आजाऱ्याजवळ राहणं योग्य नव्हतं, म्हणून तिची सोय गावाबाहेरच्या एका खोपटात झाली. तुळाजीकडे बघायला वरच्या गावातून त्यांची आत्या आली. ही आत्या बोलायला फटकळ होती. प्रेमाने पाठीवर हात फिरवलेला तिला कुणी पाहिलं नव्हतं. आक्का खोपटात पडून तापापेक्षा काळजीनेच जास्त तळमळत होती.

फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि आक्का घाईघाईने घरी निघाली.

अंगणात शिरताच तिला दिसलं ते असं. तुळाजी ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. समोर ताट होतं. डाव्या हाताने तो आमटीत कुस्करलेली भाकरी खात होता. सदरा डागांनी भरला होता, हनुवटीवरून ओघळ येत होता, आणि कोपरावर पडल्याचा हिरवानिळा डाग होता. आत्या हातभर अंतरावर तांदूळ निवडत बसली होती. तिचं त्याच्याकडे लक्ष आहे की नाही, हेही कळत नव्हतं.

तुळाजीने आक्काला पाहिलं. त्याचा वाकडा चेहरा उजळला. त्याने एक घास उचलला, तो हवेत तिला दिसेल असा धरला, आणि जिभेशी झटापट करत म्हणाला, “आक्का... बघ.”

कित्येक महिन्यांत आक्काने त्याच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द होते. पण आक्काची नजर त्या घासावर गेली नाही. ती कोपरावरच्या डागावर खिळली होती. ती धावत वर गेली, त्याच्या हातातला घास काढून घेतला, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि आत्याला नाही नाही ते बोलली. माणसाला जनावरासारखं चरायला सोडलंय, पडला तरी कुणाला फिकीर नाही, असं काहीबाही.

आत्याने सूप खाली ठेवलं.

“पडला, खरं आहे,” ती म्हणाली. “मग उठलासुद्धा. मी हात दिला, पण उठला तो. रोज त्या दारापासून इथवर सरकत येतो. येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलतो. सदरा मळतो, तो मी धुते.” मग तिने विचारलं, “पोरी, तुला हा बरा व्हायला हवाय, की तुझ्याजवळ राहायला हवाय?”

आक्काला हा प्रश्न जिव्हारी लागला. आत्या त्याच दुपारी गाठोडं घेऊन परत गेली.

वैद्यबुवांच्या कानावर हे गेलं. त्यांनी येऊन पुन्हा समजावलं, की त्याने जे कमावलंय ते घालवू नकोस. आक्काने पुन्हा मान डोलावली, आणि ते वळताच घास हातात घेतला.

तुळाजीने काही दिवस झगडून पाहिलं. ताट समोर आलं की तो डावा हात त्यावर ठेवायचा. आक्का तो हात हळूच उचलून त्याच्या मांडीवर ठेवायची. एकदा त्याने चिडून ताट ढकललं. गरम कालवण आक्काच्या अंगावर सांडलं. ती उठली, चुलीपाशी पाठ करून बसली आणि रडली. तुळाजी तिचे हलणारे खांदे बघत राहिला. या बाईने आपल्यासाठी काय काय सोडलं, ते त्याला ठाऊक होतं. तिला रडवण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

त्यानंतर त्याने ताटाकडे हात नेला नाही. ती भरवायची, तो तोंड उघडायचा. आक्काला वाटलं, चला, एकदाचा शांत झाला.

पण ती शांतता नव्हती. तो ओसरीवर जायला नको म्हणू लागला. कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचा. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. घाबरून आक्काने वैद्यबुवांना आणलं. त्यांनी नाडी बघितली. उठताना म्हणाले, “हे दुखणं आता मनाचं आहे. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, आपण तर आपल्याही कामाचे नाही, असं याने ठरवून टाकलंय. यावर माझ्या बटव्यात काही नाही.”

अशी वर्षं गेली. आक्काचे केस पिकले, गुडघे धरले. पण सेवेत खंड नाही. गावाने एका सणाला तिला चोळी-लुगडं देऊन तिचा मान केला. तिनेही तो समाधानाने घेतला.

आणि मग ती सकाळ आली. आक्का आडावरून पाणी घेऊन येत होती. दारातच तिचा पाय घसरला आणि ती उंबऱ्याच्या आत आपटली. घोट्याजवळ काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं. उठता येईना. भरलेला हंडा तिच्या दुसऱ्या पायावर पडला होता. ती कळवळली आणि तिच्या तोंडून आपसूक हाक गेली, “तुळाजी.”

तुळाजी जवळच अंथरुणावर होता. त्याने मान वळवली. कित्येक दिवसांनी त्याचे डोळे पूर्ण उघडले. आक्काने पाहिलं, तो उठायला बघत होता. तिच्यासाठी. त्याने डावा हात उचलला. तो थरथरत जमिनीवर टेकला, आणि अंगाचा भार येताच दुमडला. त्याने पुन्हा टेकवला. पुन्हा दुमडला. मग त्याने तो नुसताच तिच्या दिशेने लांब केला. हंड्याचा काठ त्याच्या बोटांना लागला. ढकलला असता तर तिचा पाय सुटला असता. पण त्या बोटांत एवढाही जोर नव्हता.

त्याच्या घशातून कसलासा आवाज आला. शब्द होईना.

शेजारणी येईपर्यंत बहीणभाऊ एकमेकांकडे बघत तसेच पडून होते. त्या वेळात आक्काने भावाचा हात प्रथमच नीट पाहिला. वाळलेल्या काटकीसारखं मनगट, आखडलेली बोटं. हा उजवा नव्हता, डावा होता. रोगाने उजवा नेला होता. डावा त्याने तसाच धडधाकट सोडला होता. मग हा कुणी नेला, हे तिला कुणी सांगण्याची गरज उरली नाही.

घोटा कसाबसा जुळला. काठी टेकत आक्का भावाजवळ येऊन बसली. तिने त्याची बोटं हातात घेतली आणि म्हणाली, “तू मला दाखवत होतास. मी बघितलं नाही.” तुळाजी तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसायला सोपं गेलं असतं.

तिने पुन्हा सगळं सुरू केलं, जसं वैद्यबुवांनी पहिल्यांदा सांगितलं होतं तसं. घास त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि वाट बघायची. बोटं हलायची, पण मिटायची नाहीत. ती वाट बघायची. घास गार झाला की दुसरा ठेवायची. त्याला ओसरीवर नेऊन बसवायची आणि नदीवरच्या नावा दाखवायची. तो बघायचा की नाही, कळत नसे. थंडीच्या दिवसांत एका दुपारी, असाच खांबाला टेकून बसलेला असताना, तुळाजीने मान टाकली. तो गेला तेव्हा घास त्याच्या उघड्या तळहातावर होता.

पुढे आक्का बरीच वर्षं जगली. तिची कुणी स्तुती केली की ती तिथून उठून जायची. पण कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलाय असं कानावर आलं की काठी टेकत न बोलावताही जायची.

एकदा अशीच ती एका घरी गेली. तिथल्या सासूला वाताचा झटका आला होता आणि सून दिवसभर तिच्याभोवती धावत होती. सुनेने विचारलं, “आक्का, हिच्यासाठी मी अजून काय करू?”

“शेंगा सोलायला दे तिला,” आक्का म्हणाली.

“त्या हातांनी? अर्ध्या सांडतील.”

“सांडतील. तू जवळ बस. पडायला लागली तर सावर. शेंगांना हात लावू नकोस.”

सून सासूच्या थरथरत्या हातांकडे बघून म्हणाली, “बघवायचं नाही हो मला. रडू येईल.”

“येतंच,” आक्का म्हणाली. “तेवढ्यापुरती परसात जा. तिच्यासमोर रडू नकोस. आणि डोळे पुसून परत येऊन बस.”

सुनेने सूप आणून सासूच्या पुढ्यात ठेवलं. म्हातारीने बऱ्याच वेळाने एक शेंग उचलली. ती निसटली. तिने दुसरी उचलली. आक्का म्हातारीच्या पाठीमागे काठीवर हनुवटी टेकून बघत बसली, आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

तात्पर्य: आजारी माणसाला जे स्वतःला करता येतं, ते मायेपोटीसुद्धा त्याच्या हातून काढून घेऊ नये.