झिपरी आणि खुंटा

खुंटे बोलत होते त्या काळची गोष्ट. माळावर झिपरी नावाची शेळी खुंट्याला बांधलेली होती. तिला पुढचा घास नेहमीच जास्त हिरवा दिसे. त्याच्यामागे ती गोल गोल फिरली, दावं खुंट्याला गुंडाळत गेलं आणि गळ्याला फास बसला.

"मेल्या खुंट्या, जीव घेतोस का माझा?" ती घुसमटत ओरडली.

"बाई गं, मी जागचा हललोय का? आलीस तशी उलटी फिर."

"आणि हा समोरचा घास?"

"राहू दे तो."

रडतकढत झिपरी उलटी फिरली. दावं सैल झालं, श्वास मोकळा झाला.

"खुंट्या, देवमाणूस आहेस!" म्हणत तिनं मान वळवली, तर पलीकडे कोवळी हरळी डुलत होती.

"एकच घास हं!"

खुंटा हसला. "जा बाई. परतीची वाट आता ठाऊक आहे ना?"