मेण्यातलं रडणं

फार फार जुनी गोष्ट. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी माणसं तीच चूक करतात, म्हणून पुन्हा सांगतो. ऐका, लहान-थोर सगळे.

एका राज्यात एक भोई होता. मेणा, म्हणजे पडद्याची पालखी, खांद्यावरून वाहायचा हे त्याचं काम. एका सरदाराकडे त्याचं अर्धं आयुष्य गेलं. सरदार मोठा खवट. भर उन्हात पळवायचा, पाणी प्यायलाही थांबू द्यायचा नाही. शेवटी भोई विटला आणि काम सोडून निघाला.

घरी बायको अंथरुणाला खिळलेली. चूल पेटायची तर काम मिळायलाच हवं. तो गावोगाव हिंडला. जिथे जाई तिथे लोक विचारत, "आधीचं काम का सोडलंस?" की हा सुरू होई. सरदाराच्या शिव्या, सरदाराचा चिक्कूपणा, सगळं नकला करून सांगे. लोक पोट धरून हसत, गूळपाणी देत. काम मात्र कोणी देत नसे. का, ते बिचाऱ्याला कळेना. हिंडून हिंडून त्याच्या पायांत त्राण उरलं नाही.

अखेर तो एका जहागीरदारीणबाईंच्या दारी पोचला. त्यांच्या मेण्याला एक भोई कमी पडत होता. बाईंनी त्याला इतर भोयांबरोबर मेणा उचलून अंगणात चालायला लावलं. चाल इतकी सुरेख, की आत ठेवलेलं भरलं भांडं जरासुद्धा हिंदकळलं नाही. आता बाईंनी नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

"आधीच्या धन्याला का सोडलंस रे?" त्यांनी सहज विचारलं.

झालं. भोयाची गाडी सुटली. "काय सांगू बाईसाहेब, उन्हात गुरासारखं पळवायचा. आणि बाहेर मिशांना पीळ देणारा हा माणूस, पडदा पडला की सासरी गेलेल्या लेकीच्या आठवणीनं हुंदके देऊन रडायचा. आम्ही खाली ऐकायचो. हसू आवरता आवरायचं नाही."

बाई हसल्या नाहीत.

"बाबा, तुला उन्हात पळवलं ते वाईटच केलं त्यानं," त्या म्हणाल्या. "'आमची चाल जुळली नाही,' एवढं बोलला असतास तरी मला पुरलं असतं. अरे, मेण्यात बसल्यावर मलाही कधीकधी रडू येतं."

भोयाची मान खाली गेली. "घरी बायको आजारी आहे हो," एवढंच तो कसंबसं बोलला. बाईंनी तिच्यासाठी धान्य दिलं, औषधाची पुडी दिली. काम दिलं नाही.

तेव्हापासून तो रानातून लाकडाच्या मोळ्या वाहू लागला. चाल अजून तशीच सुरेख होती, पण मोळीला त्याचं काय?

म्हणून सांगतो बाबांनो, नव्या दारी जुन्या धन्याची उणीदुणी काढू नका. ऐकणाऱ्याला त्यात आपलीच उद्याची निंदा ऐकू येते.