करंजाचं एक

त्या राज्यात जमीन स्थिर नव्हती. पाण्यावर बेटं तरंगत आणि एकेका बेटावर एकेक झाड असे. फांदीला फांदी लागली की निरोप पुढे जाई, पानाची सुरळी करून. आधी प्रश्न फिरे, "अमक्यापर्यंत किती बेटं?" ज्याचा आकडा लहान, त्याच्या हाती सुरळी. आकडा कुणी पडताळत नसे. निरोप हरवला तर बेटं सरकली असतील, एवढंच म्हणत.

करंज वयानं मोठा, बुंध्यानं भक्कम. तरी सुरळ्या जात त्या शेवग्याकडे. करंजाच्या अंगावरून हाका जात, "शेवग्याकडे द्या हो, तो नेईल."

"फुंकर मारली तर मोडेल तो," करंज बाभळीला म्हणाला.

"मोडू दे की. पोचवतो तर खरं," बाभूळ म्हणाली.

ते त्याला लागलं. पुढचा प्रश्न आला, तेव्हा शेवगा "चार" म्हणायच्या आत करंज म्हणाला, "एक."

सुरळी मिळाली. पोचवायचीच होती त्याला. पण वाट शेवग्यावरूनच जात होती, आणि स्वतःच्या फांदीनं ती त्याच्या फांदीवर ठेवणं करंजाला जमेना. त्यानं ती ढोलीत सारली. उद्या बघू.

मग कुणाबद्दलही विचारा, करंजाचं उत्तर एकच. त्याची लेक लहान बेटावर दूर वाहत गेली होती. तिची चौकशी आली तेव्हाही त्याची जीभ तेच बोलून गेली. ढोली भरत गेली. शेवग्याला कुणी विचारीना, आणि त्याचं गप्प उभं राहणं पाहून करंजाला रोज थोडी पालवी फुटे. हळूहळू प्रश्नही फिरेनासे झाले. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

एके सकाळी करंजाच्या मुळांना खारट चव लागली. खारं पाणी लेकीच्या दिशेनं चाललं होतं. तिनं कोवळी मुळं वेळीच वर घेतली तरच ती जगणार होती. त्यानं सुरळी केली, बाभळीच्या फांदीवर ठेवली आणि आयुष्यात प्रथमच स्वतः विचारलं, "माझ्या लेकीपर्यंत किती?"

बाभळीला कुणाला विचारावंही लागलं नाही. "एक," ती म्हणाली, आणि सुरळी पुढे दिली.

एक. कुणीतरी तिच्या इतकं जवळ होतं. कोण, याचा त्याला हेवासुद्धा वाटला नाही.

दुपार कलताना शेवग्याचं बेट हळूच येऊन टेकलं. त्याच्या बारीक फांदीवर ती सुरळी होती, जराही न चुरगळलेली.

"दादा, पूर्वी मला ठाऊक असायचं ती कुठं आहे ते," शेवगा म्हणाला. "आता कुणी विचारत नाही, मग कळतही नाही. पण सगळे सांगतात, तुमच्याकडूनच जवळ."

करंजानं सुरळी घेतली. ढोलीत तिला जागा नव्हती.