बदकिणीचं पायडल

जंगलात सायकली चालायच्या, त्या काळची ही गोष्ट. सुतारपक्षी सायकली बनवायचा आणि सगळी पायडलं शेळीच्या पायाच्या मापाने बेतायचा. बदकीण सुईण होती. पिल्लं अंड्यातून बाहेर यायची वेळ झाली, की तिला दूरदूरची घरटी गाठावी लागत. पण तिचे पसरट पाय त्या अरुंद पायडलांवरून सारखे घसरायचे.

"पाय आवळून धर की!" सुतारपक्षी म्हणायचा.

एकदा टिटवीचा निरोप आला. बदकिणीने दोरीने बोटं करकचून बांधली आणि ती निघाली. वेळेवर पोचली, पिल्लंही सुखरूप निघाली. पण परतताना तिला पाय टेकवेना. कशीबशी ती सुतारपक्ष्याच्या दुकानाशी आली. सुतारपक्ष्याने दोरी सोडली, तर बोटांमधली कातडी फाटली होती.

"अगं, आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं, दादा. तीनदा."

सुतारपक्ष्याने ओल्या मातीत तिच्या पायाचा ठसा घेतला आणि तेवढं रुंद पायडल कोरलं. जखम भरल्यावर बदकीण सायकलवर बसली. पाय जरासुद्धा घसरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाशी पसरट पायांचं पाणमांजर येऊन घुटमळलं.

"मलाही तसलं पायडल मिळेल?" ते हळूच म्हणालं. "मला वाटायचं, माझेच पाय वाईट आहेत."