एका फेरीचं सामान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा जनावरं बोलायची, आणि बोलायची म्हणजे तोंडावर बोलायची. एका राज्याच्या टोकाला उंच डोंगर होता आणि डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. त्या गावात नाचणीचं मद्य करायचे. नाचणीला मोड आणून ती वाळवायची, भरडायची, गरम पाण्यात मुरवायची, गाळून कडू फुलांबरोबर उकळायची आणि निवली की माठात आंबवायची. आज आपण त्याला बिअर म्हटलं असतं. बाळांनो, पेय मोठ्यांचं आहे. गोष्ट मात्र तुमचीही आहे.

गावचा माठ वर्षानुवर्षं एक म्हातारी घालायची. आता तिचे हात थरथरू लागले होते. सुगीचा सण वीस दिवसांवर आला, तरी माठ घालायला कुणी पुढे येईना.

"कुणीच नसेल तर खालच्या व्यापाऱ्याकडून मद्याची पिंपं मागवतो," पाटील म्हणाले.

मागल्या साली तीच पिंपं पिऊन शेजारचं गाव चार दिवस अंथरुणात होतं.

तेव्हा एक मुलगी उठली. सात वर्षं दूरच्या नगरात हीच विद्या शिकून ती नुकतीच परतली होती. "धान्य आपलं, पाणी आपलं, आणि सणाला परक्याचं पिंप?" ती म्हणाली. "माठ मी घालते."

"घाल की पोरी," म्हातारी म्हणाली. "पण डोईची फेरी करावी लागेल."

गावची रीतच तशी होती. नाचणी, पाणी आणि सरपण गावाने द्यायचं. बाकी सगळं सामान पहिला माठ घालणाऱ्याने खालच्या बाजारातून आणायचं, एकट्याने, एकाच फेरीत, डोक्यावरून. चढावर जे सोडलं ते सोडलं. त्यासाठी परत उतरायचं नाही.

मुलगी हसतच डोंगर उतरली. यादी तिने नगरात असतानाच करून ठेवली होती. उकळायला तांब्याचा हंडा घेतला, आंबवायला मातीचा माठ घेतला. मग आणखी एक माठ घेतला. मग नक्षीची पितळी झारी, सहा पळ्या, चोवीस काचेच्या कुप्या, वेलची, जायफळ, केशर. उत्तरेकडच्या कडू फुलांच्या चार पुड्या. शेवटी, यादीत होतं म्हणून, माठ घासायला काथ्याची कुंची, झाकायला जाडंभरडं फडकं आणि नाचणी आंबवणाऱ्या खमिराचं एक छोटं गाडगं.

कुंभाराचं गाढव हे सगळं बघत उभं होतं. "कुणाचं लग्न आहे?" त्याने विचारलं.

"लग्न नाही. पहिला माठ घालायचाय."

"पहिला म्हणजे एकच ना? मग हे दोन कशाला?"

"एक फुटला तर?"

"आणि पळ्या सहा? हात किती आहेत तुला?"

"हे बघ, मी शिकलेली आहे," मुलगी चिडून म्हणाली.

"असशील. मीही पाठीवर घालतील ते वाहतो. पण मी पडलो गाढव. तुझी काय अडचण आहे?"

कुंभार पोट धरून हसला. मुलीने डोक्यावर चुंबळ ठेवली, सामानाने भरलेला हारा उचलून घेतला आणि ती चढाला लागली.

अर्ध्या चढावर तिची मान भरून आली. हारा खाली ठेवून ती मटकन बसली. काहीतरी काढायलाच हवं होतं. तिने आधी कुंचीच उचलली. सामानातली सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत कुरूप वस्तू ती. फेकायला हात मागे नेला आणि तिला नगरातल्या गुरुजींची आठवण झाली. एकदा तिने भांडं नीट न घासता मद्य घातलं होतं. ते पार आंबूस झालं, तेव्हा गुरुजींनी तिलाच त्यातला घोट प्यायला लावला होता. ती चव अजून तिच्या जिभेवर होती.

तिने कुंची परत हाऱ्यात ठेवली. मग एकेक वस्तू हातात घेऊन ती स्वतःलाच विचारू लागली, "हे नसलं तर काय बिघडेल?"

कुप्या नसल्या तर लोक आपापल्या पेल्यांतून पितील. केशर घातलं तर चव माझी की केशराची, हे मला कधी कळणारच नाही. पाच पळ्या गेल्या, झारी गेली, मसाले गेले, फुलांच्या तीन पुड्या गेल्या. दुसऱ्या माठापाशी ती जरा घुटमळली. मग पहिला जपून वापरायचं ठरवलं आणि दुसरा एका झाडाखाली ठेवून दिला.

गावात पोचली तेव्हा पाटील म्हणाले, "सात वर्षं शिकून एवढंच?"

म्हातारीने मात्र हारा जवळ ओढला. "हे गाडगं काढलं तर गं?"

"मग नुसती नाचणीची पेज होईल, आजी. पाटीलकाका सणाला पेज पितील का, विचारा."

लोक हसले. "आणि फडकं?" म्हातारीने विचारलं. "झाकण घट्ट बसवलं की झालं."

"घट्ट बसवलं तर माठ फुटेल. आतला वायू बाहेर पडायला वाट हवी. फडक्यातून वायू जातो, माशी आत येत नाही."

"आणि ही कुंची?"

"कुंची काढायची असेल तर आधी मला काढा."

म्हातारी मनापासून हसली. "माझ्या फेरीत मी आरसा घेतला होता," ती म्हणाली. "अर्ध्या चढापर्यंत."

मुलीने हंडा आणि माठ राखेने तीन-तीनदा घासले, उकळत्या पाण्याने धुतले. मोड आलेली नाचणी मुरवली, फडक्यातून गाळली, फुलांबरोबर उकळली, निवू दिली आणि मगच खमीर घातलं. दुसऱ्या दिवशी माठ बुडबुडू लागला. आठ दिवसांनी, सणाच्या सकाळी, सगळ्या गावासमोर तिने फडकं सोडलं.

पहिला पेला पाटलांनी घेतला. घोट घेतला, तोंडात आलेला कोंडा थुंकला आणि पेला पुन्हा पुढे केला. "कोंडा आहे," ते म्हणाले, "पण चव स्वच्छ आहे. वाढ आणखी."

व्यापाऱ्याला त्याच दिवशी निरोप गेला, की पिंपं नकोत. गावाने माठाची जागा मुलीच्या हवाली केली आणि त्या सणानंतर कुणीही अंथरूण धरलं नाही.

पुढल्या सुगीला ती पुन्हा बाजारात उतरली. या खेपेला यादी नव्हती. तिने एकच नवी वस्तू आणली: बारीक जाळीची गाळणी.

बोध: पहिल्या कामाला सगळं सामान लागत नाही, जे घ्याल त्याचं कारण ठाऊक असू द्या, उरलेलं काय हवं ते कामच शिकवतं.