हत्तीणबाईंचं अर्धं वाक्य

दारावर नावाची पाटी लावायची पद्धत अजून निघाली नव्हती, तेव्हा एका रानात कुणाचं बीळ कुठलं हे फक्त हत्तीणबाईंच्या लक्षात असे. त्यांना काही झालं तर पंचाईत नको, म्हणून पोपट त्यांचा शब्द न् शब्द पाठ करी.

दर वर्षी याची चाचणी होई. हत्तीणबाई बोलणं संपवत, ऊस खात आणि मग सावली बघून बेशुद्ध पडत. पोपट सगळं घडाघडा म्हणून दाखवी. सभा माना डोलवी.

"एकदा बोलता बोलता मध्येच पडून बघा ना," साळिंदर म्हणालं.

"चांगल्या दिवशी असलं बोलू नये," हत्तीणबाई म्हणाल्या.

पुढे ससा आणि घोरपड यांनी बिळांची अदलाबदल करायचं ठरवलं. हत्तीणबाई जाहीर करू लागल्या, "सशाचं बीळ आजपासून घोरपडीचं, आणि..." एवढ्यात त्यांना भोवळ आली आणि त्या खरोखरच कोसळल्या. शुद्धीवर आल्या, पण त्यांना काही आठवेना.

सगळे पोपटाकडे वळले.

"सशाचं बीळ आजपासून घोरपडीचं, आणि," पोपट म्हणाला.

"आणि काय?" सशाने विचारलं.

"एवढंच आहे. मी पदरचं घालत नाही."

घोरपडीला दोन बिळं मिळाली. एक शब्दही चुकला नाही म्हणून सभेने पोपटाला हत्तीणबाईंच्या जागी बसवलं.

पुढच्या वर्षी पोपट पेरू खाऊन बेशुद्ध पडला आणि मैनेने सगळं बिनचूक म्हणून दाखवलं, त्या 'आणि'सकट. ससा तेवढा आला नाही. त्याला आमंत्रण कुठे पाठवायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.